क्रोशाच्या रुमालाखालचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. डोंगरातल्या एका खाणीच्या गावी, पाहुण्यांच्या खोलीत, क्रोशाच्या पांढऱ्या रुमालाखाली माझे आयुष्य गेले. माझे भाग कुठेकुठे घडले ते मला ठाऊक नाही. दुकानातल्या एका बाईने ते पेटीत नीट बसवले आणि झाकण लावले, एवढे आठवते.

आमच्या रुमानियात घरातली चांगली वस्तू झाकून ठेवतात. आमच्या घरच्या सिल्व्हियाने माझ्यासाठी मुद्दाम रुमाल विणला. शेजारणी आल्या की ती त्याचा एक कोपरा उचलून दाखवी आणि पुन्हा सोडी. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

तिचा नवरा त्रायान खाणीत कामाला होता. खाण बंद झाली. गावच्या शाळेला संगणकांची देखभाल करणारा माणूस हवा होता, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागत होते. ते मिळाले नाही, तर सिल्व्हिया कुणा म्हातारीची शुश्रूषा करायला इटलीला जाणार होती. त्यांची मुलगी इलिंका तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती.

घरी बसून शिकता येतील असे दोन अभ्यासक्रम होते. एका संध्याकाळी दोन्हींची माहितीपत्रके माझ्यासमोर पसरली गेली. पहिले चकचकीत होते. त्यात तबकड्यांवरची व्याख्याने होती आणि प्रत्येक धड्याला प्रश्नोत्तरे. दुसरे साध्या करड्या कागदावर छापलेले. त्याच्यासोबत स्क्रू काढायचा एक पेचकस मिळणार होता, अडल्यास शिक्षक फोनवर बोलणार होते, आणि पहिलाच धडा होता, 'आपल्या संगणकाचे झाकण काढा.'

"हा दुसरा बरा वाटतो," त्रायान म्हणाला. "हातानं करायला लावतो."

"कुणाच्या हातानं? तुझ्या? स्वयंपाकघरातलं घड्याळ उघडलंस, तेव्हापासून आपल्याकडे कायमचे बारा वाजलेत."

"म्हणून तर जेवायला उशीर होत नाही."

इलिंका खुदकन हसली. सिल्व्हियालाही हसू आले. पण तिने माझा रुमाल सरळ केला आणि ती म्हणाली, "माझ्या भावानं पाठवलाय रे तो. बिघडला तर दुसरा कुठून आणू? पहिलाच घे. त्यात काही उघडायचं नाही."

मला उघडा, मी इतका नाजूक नाही, असे मला सांगायचे होते. पण मला कोण विचारणार?

त्रायानने हिवाळाभर अभ्यास केला. मक्याच्या पिठाची मामालिगा चुलीवर ढवळतानासुद्धा तो धडे म्हणत असे. इलिंका मास्तरीण होई.

"स्मृतीची पट्टी कुठे बसते, सांगा बघू?"

तो डोळे मिटून उत्तर देई. अभ्यास संपला की मऊ फडक्याने माझा पडदा पुसून मला पुन्हा झाकून ठेवी.

परीक्षेहून परतला तो बूट न काढताच माझ्यासमोर येऊन बसला.

"बूट," सिल्व्हिया म्हणाली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. "लेखी अवघड होती का?"

"लेखीत पहिला आलो. मग त्यांनी एक बंद पडलेला संगणक पुढ्यात ठेवला. दुरुस्त करा म्हणे. सिल्व्हिया, त्याचं झाकण कुठल्या बाजूनं निघतं तेच मला कळेना. ओढतच बसलो. वेळ संपला."

"पुन्हा देता येईल ना?"

"उन्हाळ्यात. शाळेला माणूस आत्ता हवाय."

ईस्टरच्या आधी सिल्व्हिया इटलीला गेली. त्या सकाळी तिने माझा रुमाल धुतला, खळ घालून इस्त्री केली, आणि मग इलिंकाच्या वेण्या घातल्या.

दर रविवारी ती माझ्या पडद्यावर दिसे. एकदा बोलता बोलता मी तापलो आणि बंद पडलो. रुमालाखाली साचलेल्या धुळीने माझा पंखा अडला होता.

"आई, पुढे बोल ना," इलिंका काळ्या पडद्याला म्हणाली.

त्रायानने मला फिरवले, दोन स्क्रू काढले आणि झाकण मागे ढकलले. ते अलगद निघून आले.

"एवढंच?" तो पुटपुटला, आणि जमिनीवर बसून रडू लागला.

दाढीच्या ब्रशने त्याने पंखा साफ केला. मी सुरू झालो. पडद्यावर सिल्व्हिया आली, घाबरलेली.

"काय झालं होतं?"

"धूळ. मी उघडलं त्याला."

"तू?"

"हो. झाकण मागे सरकतं."

ती हळूच म्हणाली, "शाळेतली जागा?"

"भरली."

तिने ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले. आत कुणी म्हातारी तिला हाक मारत होती, म्हणून ती उठून गेली.

मित्रांनो, त्या घरात मला सगळ्यांनी जपले. पण जपणे म्हणजे केवळ झाकून ठेवणे नव्हे. घरी बसून काही शिकायचे ठरवाल, तेव्हा आधी विचारा, यात माझ्या हाताला काम आहे का? चुकलो तर सांगणारे कुणी आहे का? आणि घरातले कुणी एखादी वस्तू उघडून तिच्यात डोके घालून बसले असेल, तर त्याला रागावू नका. थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.