खिशातली राणी

"तुला जमायचं नाही," असं नवरा म्हणाला, म्हणूनच मी मधमाश्या मागवल्या. खोका आला तेव्हा तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होता. राणीमाशी जाळीच्या छोट्या डबीत वेगळी आली होती. तिला ऊब राहावी म्हणून डबी मी एप्रनच्या खिशात टाकली, खोका उलटा करून बाकीच्या माश्या परसातल्या मधपेटीत झटकल्या, झाकण लावलं आणि मोठ्या ऐटीत घरात आले.

चहाला आधण येतंय तोवर खिडकीची काच माश्यांनी काळी झाली.

"पळाल्या ना?" तो म्हणाला.

मी खिसा चाचपला. राणी माझ्याकडेच राहिली होती.

"बाहेर जाऊ नकोस. कुणा जाणकाराला बोलावू."

"माझ्या माश्या मीच बघते."

दार उघडताच त्या माझ्या अंगावर बसल्या. एक कानाला चावली. हात न झटकता मी पेटीपर्यंत गेले, झाकण काढून आतल्या दोन चौकटींच्या मधे डबी अडकवली आणि थांबले. हळूहळू सगळ्या आत उतरल्या.

परत आले तर दाराला आतून कडी. मी काच ठोठावली.

"उघड. अजून एक खोका मागवायचाय."