मन लागत नाय

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा रिवाज ज्याने कुणी काढला, त्याने सासवांचं भलं आधी बघितलं असावं. पेणच्या रामवाडीतल्या चंद्रावतीबाईंनी थोरली सून प्रणिता सातव्या महिन्यात माहेरी धाडली, तेव्हा त्यांच्या पदरात काय काय पडणार होतं ते जरा मोजून बघावं. सव्वा महिन्याचं तेल, शेक आणि धुरी वाचणार होती. जागरणं वाचणार होती. लंगोटांची धुणी आणि आळिवाचे लाडू दुसऱ्याच्या घरी होणार होते. धाकट्या ऋत्विकसाठी नागोठण्याचं एक स्थळ येऊ घातलं होतं, त्या पाहुण्यांना पुढची खोली मोकळी मिळणार होती. शिवाय सून अंगाने भरून परत आली तर ती आमची सून, आणि वाळून आली तर ते त्यांनी केलेलं बाळंतपण. कसंही झालं तरी चंद्रावतीबाईच वर.

रोह्याच्या अलीकडे निडीला प्रणिताचं माहेर. आईबाप गुणाजी आणि मालू, भाताच्या मागून वाल काढणारी माणसं. मालूबाईचाही फायदा ठरलेला होता. लेक आणि नातवंड धडधाकट परत पाठवलं की नळावरच्या बायका वर्षभर नाव काढतात.

प्रणिताला काय मिळणार, ते कुणी मोजलं नाही. मूल मिळणार होतं, आणखी काय पाहिजे?

नवरात्रात रोह्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. नाव किमया. मालूबाईने काही कमी पडू दिलं नाही. सकाळी तेल, मग कढत पाणी, मग बाजेखाली शेगडी. बारसं झाल्यावर दोन दिवसांनी प्रणिता शेगडीकडे बघत म्हणाली, "आये, माझं मन लागत नाय."

आता हे वाक्य आमच्याकडच्या मुली जन्मभर वापरतात. नवी नवरी सासरी गेली की आठ दिवसांत म्हणते, आणि चार दिवस माहेरी राहायला आली की पाचव्या दिवशी म्हणते. अर्थ दोन्हीकडे एकच, मला त्या दुसऱ्या घरी जायचंय. मालूबाईने तोच अर्थ घेतला आणि हसली. शेजारची काकू तर दारातूनच म्हणाली, "विशालरावांबिगर करमत नाय वाटतं गो. सव्वा महिना कळ काढ, मंग हायच रोज त्येचं तोंड."

विशाल, म्हणजे नवरा, नागोठण्याजवळच्या कंपनीत तीन शिफ्टमध्ये कामाला. सुट्टीच्या दिवशी येऊन त्याने बाळाचे चाळीस फोटो काढले. एकाही फोटोत प्रणिता कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. पण बाळाच्या फोटोत आईकडे कोण बघतं?

सव्वा महिना झाल्यावर ती पेणला आली. आठव्या दिवशी कूकरच्या शिट्ट्या मोजता मोजता चंद्रावतीबाईंच्या कानावर तेच आलं. "आई, मन लागत नाय."

"आठ दिवसांत आईची आठवण?" चंद्रावतीबाई विशालला म्हणाल्या. "पोर हिने जन्माला घातली, तरी हीच पोर. जा, सोडून ये."

निडीला पंधरा दिवस झाले आणि मन लागलं नाही. परत पेण. पेणला मन लागलं नाही, परत निडी. निडीला भावंडांनी तिच्यासाठी म्हणून शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात शिजलेल्या वालाच्या शेंगा तिला लहानपणापासून जीव की प्राण. तिने दोन शेंगा सोलल्या आणि दाणे तळहातावर घेऊन बसून राहिली. "नवऱ्यासाठी ठेवतेय," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. तिसऱ्यांदा तिला पेणला पोचवलं.

ती निडीला आली की मालूबाई नळावर सांगे, "माझ्याबिगर ऱ्हातच नाय ती." ती पेणला आली की चंद्रावतीबाई गच्चीवर सांगत, "शेवटी आपलं घर ते आपलं घर." प्रत्येक खेपेला एक घर जिंकत होतं, आणि जिंकलेलं घर कशाला काय तपासतंय? दोन्हीकडच्या आशाताईंचंही तेच झालं. निडीची आशाताई घरी गेली तर लेक सासरी गेलेली, रामवाडीची गेली तर सून माहेरी गेलेली. दोघींनी वहीत तसं लिहिलं. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या.

जानेवारीच्या मध्यावर रामवाडीच्या आशाताईला, दिपिकाला, ही मायलेक एकदाची घरात सापडली. किमयाच्या साडेतीन महिन्यांच्या लसीची आठवण करून द्यायला ती आली होती. प्रणिता खाली बसली होती. दुसऱ्याची पिशवी सांभाळायला घ्यावी तशी तिने मुलगी मांडीवर घेतली होती.

"तब्येत कशी वहिनी?"

"बरी हाय."

"बरी कसली," चंद्रावतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मन लागत नाय तिचं. उद्या बापूस येतोय न्यायला."

एरवी दिपिकाही हसली असती, तीही याच तालुक्यातली. पण पंधराच दिवसांपूर्वी तिचं प्रशिक्षण झालं होतं. बाळंतिणीला मनातलं सरळ विचारा, आडून विचारू नका, असं तिथे पुनःपुन्हा सांगितलं होतं. तिने वही बाजूला ठेवली.

"इथं लागत नाय, की तिथंही लागत नाय?"

प्रणिताने मान वर केली. साडेतीन महिन्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"कुठंच नाय," ती म्हणाली. मग मांडीकडे बघून, "हिच्यात पण नाय. ही झोपली तरी मला झोप नाय येत. हिला चुकीची आई मिळालीय."

चंद्रावतीबाई हातातलं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"जीव द्यावासा वाटतो का कधी?" दिपिकाने विचारलं.

"तसं नाय. गाडीत बसले की वाटतं, मधल्या कासू स्टेशनला उतरावं. हिला बाबांच्या बाजूला नीट ठेवावी आणि उतरावं. गाडी जाईल पुढं. हिला कोण ना कोण बघेलच, माझ्यापेक्षा बरी बघेल."

"आणि तू?"

"माझं पुढचं दिसतच नाय."

दिपिका उठली आणि चंद्रावतीबाईंना मागच्या दारी घेऊन गेली.

"काकू, हा आजार हाय. बाळंतपणानंतर होतो, पुष्कळ जणींना होतो, आणि बरा होतो. उद्याच मनाच्या डॉक्टरला दाखवायचं. मी येते संगती. एकटं सोडायचं नाय तिला, आणि गाडीत तर बसवायचंच नाय."

"येड्यांच्या डॉक्टरकडं नेऊ सुनेला?"

"येडी असती तर एवढं नीट सांगितलं असतं तिने?"

"ते तुला कळतं गो. नागोठण्याची माणसं रविवारी यायची हायत, त्यांना कळेल काय?"

"मग रविवारच्या आधीच जाऊन येऊ."

"बघते," चंद्रावतीबाई म्हणाल्या.

रामवाडीत बघते म्हणजे नाही, हे दिपिकाला माहीत होतं. तरी तिने त्या रात्री दोनदा फोन केला, आणि दोन्हीदा बघतेच ऐकलं.

चंद्रावतीबाई वाईट बाई नव्हेत. त्यांनी फक्त त्यांच्या सवयीने गणित मांडलं. व्याही उद्या येतातच आहेत. डॉक्टरला निडीवाल्यांनी दाखवावं. मग उद्या कुणी बोललंच तर मालूच्या लेकीबद्दल बोलेल, चंद्रावतीच्या सुनेबद्दल नाही. रविवार तेवढा सरळ जाईल. दुसऱ्या दिवशी गुणाजी वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आले तेव्हा त्या म्हणाल्या, "अशक्तपणा हाय जरा. तिकडं डॉक्टरला दाखवा." कासूचं नाव त्यांनी काढलं नाही.

दुपारची गाडी होती, डब्यात पाचसहा माणसं. गुणाजी पहाटेपासून शेतात राबून आलेले, पेण सुटलं आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली ती किमयाच्या रडण्याने, नागोठण्याच्या अलीकडे. मुलगी त्यांच्या शेजारी होती. पडू नये म्हणून शालीच्या घडीचा बांध घातलेला, बाजूला दुधाची बाटली, टोपी नीट बांधलेली. प्रणिता नव्हती.

त्यांनी डबा पाहिला, संडासाचं दार वाजवलं. नागोठण्याला उतरून जावयाला फोन केला. विशाल ड्यूटी सोडून स्टेशनवर आला आणि त्याने घरी फोन लावला.

"आई, प्रणिता गाडीत नाय."

चंद्रावतीबाईंनी कुठे गेली असं विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "कासूला बघ."

"तुला कसं म्हाईत?" विशालने विचारलं.

त्यांनी फोन ठेवला, दिपिकाला हाक मारली आणि दारातली रिक्षा पकडली. वाटेत दिपिकाने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं चंद्रावतीबाई पुढे म्हणत.

कासूच्या स्टेशनावर एका बाकड्यावर दोघी बसल्या होत्या. एक प्रणिता, आणि दुसरी खाडीकडची काशीबाई. उभी हयात मिठागरात गेलेली ही म्हातारी, लेकीकडे पाटीतून भाजी घेऊन निघाली होती. समोर उतरलेल्या बाईचा कुर्ता दुधाने भिजलेला आणि हातात मूल नाही, एवढं तिला पुरे झालं. तिने पाटी खाली ठेवली होती.

"पोर कुठं हाय गो?" तिने विचारलं होतं.

"गाडीत."

"कोणाकडं?"

"आजोबाकडं."

"मंग बस. ती काय उपाशी मरत नाय. तू जेवलीस काय?"

प्रणिता कुठे जात नव्हती आणि कुठे जायला उठतही नव्हती. काशीबाईने तिचं मनगट धरलं, आपल्या तीन सुनांची गाऱ्हाणी सांगायला घेतली, आणि स्वतःची गाडी सोडून दिली. चंद्रावतीबाई समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा ती म्हणाली, "तुमची काय ही? धरा. आणि सोडू नका." आणि मनगट या हातातून त्या हातात दिलं.

पेणच्या दवाखान्यात त्या संध्याकाळीच नेलं, दुसऱ्या दिवशी मनाच्या डॉक्टरांनी पाहिलं. डॉक्टरबाई शांत होत्या. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या त्यांनी दिल्या. गुण यायला तीनेक आठवडे लागतील, तोवर हिला झोप मिळाली पाहिजे, बाळाची रात्र दुसऱ्या कुणीतरी घ्यायची, दर आठवड्याला बोलायला यायचं, असं त्यांनी समजावलं. "आणि हिला इकडून तिकडे पाठवणं बंद. हा आजार घर बदलून उतरत नाही."

विशालला रात्रपाळ्या होत्या, गुणाजींना शेत. शेवटी निडीहून आलेली मालूबाई म्हणाली, "मी येते पेणला."

लेकीच्या सासरी आई मुक्कामाला, आणि तेही वाल काढायच्या दिवसांत. निडीत बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रामवाडीत दोन विहिणी एका ओट्याशी उभ्या राहू लागल्या.

"आमच्यात वालाला एवढा गूळ घालीत नाय विहीणबाय."

"म्हणून तुमच्यात कोण दुसऱ्यांदा मागत नसेल."

रात्री बारापर्यंत किमया एका आजीकडे, बारानंतर दुसरीकडे. प्रणिता झोपू लागली, आधी तीन तास, मग पाच. फेब्रुवारीत एके सकाळी तिने विचारलं, "हिची नखं कोण कापतं?" दोघी आज्या एकदम "मी" म्हणाल्या. त्या दिवशी प्रणिताने कापली. काही दिवस पुन्हा वाईट गेले, डॉक्टरांनी गोळी वाढवली, पुन्हा बरे गेले.

नागोठण्याचे पाहुणे चार रविवार पुढे ढकलले होते, ते आले. कासूची गोष्ट त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती, एकच तर लाईन आहे. चहा झाल्यावर मुलीची आई म्हणाली, "तुमची मोठी सून मध्येच उतरली होती म्हणे. डोक्याचं काय हाय काय?"

मालूबाईने विहिणीला आधीच शिकवून ठेवलं होतं, दुधाचा ताप डोक्यात गेला होता म्हणा. आतल्या खोलीत प्रणिता किमयाला पाजत होती, दार लोटलेलं, पण ऐकू जाईल इतकंच.

चंद्रावतीबाईंनी कप बशीत ठेवला. "बाळंतपणानंतर तिला मनाचा आजार झालाय. औषध चालू हाय, गुण हाय. आणि उतरली ती माझ्यापायी. आदल्या दिवशी ती बोलली ते मी ऐकलं होतं, नि मी गाडीत बसू दिली."

पाहुण्यांनी निघताना हळदीकुंकू घेतलं. नंतर त्यांचा फोन आला नाही.

हे सगळं कुणाला कितीला पडलं ते आता सांगता येतं. ऋत्विक त्या मुलीशी महिनाभर फोनवर बोलत होता, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. तो आईशी सहा आठवडे अबोला धरून होता. गुणाजींनी एकट्याने जेवढा जमला तेवढा वाल काढला, उरलेला शेतातच तडकून गेला. काशीबाईची पाटीभर भाजी उन्हात सुकली. दिपिका त्या घरी अकरा वेळा गेली. बाळाचं वजन लिहायला तिच्या वहीत रकाना आहे, आईच्या मनाला नाही, त्यामुळे त्या खेपा कुठेच दिसत नाहीत. फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर विशालला पाहुण्यांसमोर मिळालं. आता तो आईशी कामापुरतं बोलतो, आणि चंद्रावतीबाई तेवढ्यावर राहतात.

प्रणिताचे मात्र साडेतीन महिने गेले, ते आणून द्यायचे तरी कुठून? किमया पहिल्यांदा कधी हसली हे तिला आठवत नाही. ती दोन्ही आज्यांना विचारते. मालूबाई निडीची तारीख सांगते, चंद्रावतीबाई पेणची.