इर्जिकीचा धनी

झुंबरबाईनं नवऱ्याच्या कोटाचं शेवटचं बटण लावलं आणि हात तसाच कोटावर ठेवून ती म्हणाली, "अजून येळ हाय. आबांच्या घरी जाऊन या. निस्तं सांगा, आज हाय तसं बोला म्हनून."

"आबा खोटं कवा बोल्लेत?" रखमाजी म्हणाला.

"तुमच्याबद्दल ते वंगाळ बोलायचे न्हाईत. त्याचंच भ्या वाटतंय मला."

रखमाजीनं डाव्या हातानं उजवी बाही खाली ओढली. कोंडाजी आबा वाडीतले सगळ्यात वडीलधारे. त्यांच्या ओट्यावर जाऊन सांगायचं काय? की आबा, आज सरकारचा माणूस येतोय, तर चारचौघांत माझं नाव घेऊन सांगा की हा माणूस कामाचा नाही? चार दिवस तो रोज त्या ओट्यापर्यंत गेला होता आणि पाऊसपाण्याच्या गप्पा मारून परत आला होता. झुंबरबाई मीच जाते म्हणाली, तर तिच्यावर डाफरला होता.

कोट पलटणीतला, खाकी. घराबाहेर पडताना तो उन्हाळ्यातही अंगात असायचा, कारण त्याच्या लांब बाहीत उजवा हात झाकला जाई. जर्मनच्या लढाईत बसऱ्याच्या पलीकडे कुठंतरी गोळी कोपरातून आरपार गेली. हाड जुळलं, पण हात काही परत आला नाही. खांद्यापासून वाळत गेला, बोटं लोंबायला लागली. आंघोळ झुंबरबाई घाले, धोतर ती नेसवी, बटणं ती लावी. आंदर मावळातल्या त्या एवढ्याशा वाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लढाई संपून पाचसहा वर्षं झाली तरी एकानंही कधी त्या हाताचा विषय काढला नव्हता. पोरंसोरंसुद्धा त्याच्या डाव्या बाजूनं चालत.

सरकारनं पेन्शन दिली होती, पण कायमची नव्हे. हात अजून वाळलेलाच आहे हे मधून मधून पुण्याला जाऊन सिद्ध करावं लागे. टाकव्यावरून तळेगावच्या स्टेशनापर्यंत पायपीट, तिथून गाडी, मग डॉक्टरांच्या बोर्डासमोर व्हरांड्यात दिवसभर बसणं. कधी साहेब रजेवर, कधी पलटणीकडून कागद आलेला नाही, एकदा तर तारीखच चुकीची कळवलेली. नंबर लागलाच तर शिपाई कोट काढी आणि साहेब बोटांत टाचणी टोचून तोंडाकडे बघे. पहिल्या खेपेला साहेबानं टाचणी दंडापर्यंत नेली, तिथं ती चांगली झोंबली, तरी रखमाजी छाती काढून उभाच राहिला. साहेबापुढे कण्हायचं नाही ही पलटणीची शिकवण. साहेबानं लिहिलं की वेदना नाहीत, आणि त्या साली पेन्शन कमी झाली.

या खेपेचा साहेब मात्र भला निघाला. हात मेलाय, आता याला दरसाल हेलपाटे कशाला, जन्माची पेन्शन करून टाकू म्हणाला. फक्त एकच राहिलं होतं. हा माणूस स्वतःच्या हातानं शेती करून पोट भरू शकत नाही, एवढी खात्री तालुक्याच्या माणसानं गावात येऊन करायची होती. तो माणूस आज येणार होता.

पेन्शन गेली तर उपाशी मरायची पाळी येणार नव्हती. जाणार होती ती इर्जिक. मावळात भातखाचरं चिखलायच्या दिवसांत इर्जिक घालतात. ज्याचं शेत तो धनी. वाडीतले सगळे आपापले बैल आणि नांगर घेऊन त्याच्या रानात येतात, एका दिवसात काम उरकून देतात, मजुरी घेत नाहीत. धन्यानं त्यांना पोटभर जेवू घालायचं, तेही चांगलंचुंगलं. रखमाजीची इर्जिक वाडीत नावाजलेली होती. पेन्शनीतून तो बकरं कापी, आणि दुपारी बांधावर पंगत बसली की डाव्या हातानं स्वतः वाढत फिरे. त्याच्या रानात वाडी राबे, पण उपकार म्हणून नव्हे. जेवून ढेकर देत उठलेल्या माणसाला उपकार केल्यासारखं वाटत नाही, आणि जेवू घालणाऱ्यालाही झाल्यासारखं वाटत नाही.

कारकून तट्टावर बसून आला. तरुण होता, पुण्याकडचा, घामानं निथळलेला. स्वभावानं बरा वाटला. खळ्यावरच घोंगडी अंथरून त्याला बसवला. वाडी गोळा झाली. समोर रखमाजीच्या भाताची उडवी रचलेली होती, आणि दुर्दैवानं त्या साली भात चांगलं पिकलं होतं.

"हे भात याचं?" कारकुनानं विचारलं.

कोंडाजी आबा पुढे सरकले. त्यांनी मुंडासं नीट केलं होतं. "त्याचंच, रावसाहेब."

"नांगर कोण धरतं?"

आबांनी एकदा रखमाजीकडे बघितलं. "त्याच्या रानात दुसरा कोन धरल? त्योच धरतो."

झुंबरबाई कुडाच्या आड उभी होती. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

मग बाकीच्यांना जोर चढला. भिमाजी म्हणाला, वाडीत पहिलं रान चिखलून होतं ते याचं. अंबाजीनं सांगितलं की दुसऱ्याच्या कामाला हाक मारली आणि हा आला नाही असं कधी झालं नाही. एक जण म्हणाला, दोन गड्यांचं काम एकटा रेटतो. त्यांच्या मनात पाप नव्हतं. पेन्शन म्हणजे सरकारची शाबासकी, आणि शाबासकी द्यायची तर माणूस कसा आहे हे विचारायला सरकार माणूस धाडणारच, अशी त्यांची भोळी समजूत. आपला गडी जितका चांगला ठरेल तितकं त्याचं भलं होईल, म्हणून ज्याला जे सुचेल ते तो जोडत होता. शिवाय परक्या माणसापुढे, त्यातून सरकारच्या, आपल्या माणसाला थोटा म्हणायला जीभ कुणाची रेटणार?

आणि रखमाजी? त्याला सगळं कळत होतं. एकेक वाक्यागणिक पेन्शन हातातून चालली आहे हे त्याला दिसत होतं. पण खरं सांगायचं तर त्याला ते ऐकायला बरंही वाटत होतं. पलटणीतून आल्यापासून त्याला गडी म्हणून कुणी वाखाणलं नव्हतं. अंगात कोट होता, बाही लांब होती, आणि घटकाभर तो त्या बोलण्यातला रखमाजी झाला होता.

झुंबरबाईला राहवलं नाही. ती कुडाआडून सरळ खळ्यात आली.

"रावसाहेब, ह्यातलं कायबी खरं न्हाई," ती म्हणाली. "नांगर वाडी धरती. इर्जिक घालतो आमी. ह्यांला धोतर मी नेसवते. ही बटनं, बगा, ही सकाळी मी लावल्यात. कोट काढून बगा त्यांचा."

बाप्ये खाली बघायला लागले. आबांनी डोळे मिटून घेतले.

कारकून रखमाजीकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, मला तुमचं वाईट करायचं नाही. बाई म्हणतात ते खरं असेल तर तसं सांगा, मी तसं लिहितो. कोट काढा."

एवढंच करायचं होतं. हो म्हणायचं, कोट काढायचा. पुण्याला अनोळखी साहेबांपुढे तो कितीदा तरी काढला होता. पण इथं भिमाजी होता, त्याच्याबरोबर लहानपणी गुरं राखलेला. त्या सगळ्यांनी आपापली मान अडकवून त्याची अब्रू वर धरली होती, आणि तिच्यावर पहिला पाय त्यानंच द्यायचा होता.

"घरात जा," तो बायकोला म्हणाला. मग कारकुनाला म्हणाला, "आबा सांगत्यात ते खरं हाय."

कारकुनानं टाक उचलला. मग त्यानं लिहिलं, सगळ्यांचे अंगठे घेतले आणि उन्हं उतरायच्या आत निघून गेला.

संध्याकाळी झुंबरबाईनं रोजच्यासारखी त्याच्या कोटाची बटणं काढली. कोट खुंटीला लावताना म्हणाली, "समद्या वाडीत मी खोटी ठरले."

हाताची लाज रखमाजीनं पुष्कळ वाटून घेतली होती. ही लाज वेगळी होती आणि तिला झाकायला बाही नव्हती.

होळीनंतर हुकूम आला. अर्जदार शेती करण्यास समर्थ असल्याचं आढळल्यावरून पेन्शन बंद. टाकव्याच्या मास्तरांनी तो वाचून दाखवला तेव्हा कोंडाजी आबा जवळच होते. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग खाली बसले.

"म्हंजी आमच्या बोलन्यानं गेली?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी हुकुमाची घडी घातली.

दुसऱ्याच दिवशी ते रखमाजीला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. तोच कारकून होता. आबांनी हात जोडले आणि आपण खोटं बोललो म्हणून सांगितलं. जन्मात असं वाक्य त्यांनी उच्चारलं नसेल. कारकुनाला वाईट वाटलं, पण त्यानं समजावून सांगितलं. पहिला जबाब पंचांसमक्ष झाला, अर्जदारानं स्वतः कबूल केला. आताचा जबाब पेन्शन बंद झाल्यावरचा. वर बसलेले म्हणणार, शिकवून आणलाय. तरी त्यानं तो लिहून घेतला आणि वर पाठवतो म्हणाला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. कचेरीचा शिपाई झाडाखाली येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजत होता. लोक ओणवे होऊन ओंजळ धरत, तो वरून धार सोडी. आबा प्यायले. रखमाजीच्या घशाला कोरड पडली होती, पण एका हाताची ओंजळ होत नाही. "तहान न्हाई," म्हणून तो पुढे चालू लागला. चारचौघांत तो कधीच पाणी प्यायचा नाही. आबांनी हे आज पहिल्यांदा पाहिलं.

जबाब वर गेला आणि तसाच खाली आला. पहिला हुकूम कायम.

आषाढ लागला. वाडीत इर्जिकी सुरू झाल्या. रखमाजीनं कुणाला हाक मारली नाही. झुंबरबाई म्हणाली, माझी बुगडी मोडा नि घाला जेवायला. तो नको म्हणाला. यंदा मोडली, तर पुढल्या साली काय मोडणार? एका सकाळी त्यानं स्वतःच बैल जुंपले. कारकुनापुढे व्हय म्हणून बसला होता, आता ते खरं करून दाखवायला हवं होतं. झुंबरबाईला त्यानं उजवा हात नांगराच्या रुमण्याला फडक्यानं बांधायला सांगितलं. ती नाही नाही म्हणत होती, पण तिनं बांधला. रडत बांधला.

नांगराचं निम्मं तासही निघालं नाही. बैल पाण्यात बुजले, नांगर कलला, आणि बांधलेल्या हातासकट तो चिखलात फरफटत गेला. झुंबरबाई ओरडत धावली. बैल थांबले. तो गुडघ्यावर बसून राहिला, तोंडावरचा चिखल पुसायलाही हात मोकळा नव्हता, कारण डाव्या हातानं त्यानं कासरा धरला होता.

बांधावरून माणसं उतरत होती. इरली पांघरलेली, पुढे बैल, बैलांमागे नांगर. सगळ्यांत पुढे कोंडाजी आबा होते. आबांनी वाकून फडक्याची गाठ सोडवली, फडकं पिळून झुंबरबाईकडे दिलं. भिमाजीनं कासरा घेतला. सगळ्या जोड्या खाचरात उतरल्या आणि काम चालू झालं. रखमाजी बांधावर जाऊन उभा राहिला. घरात आज बकरं नव्हतं. कणगीतलं भात आषाढापर्यंत तळाला गेलं होतं, नुसता भातही सगळ्यांना पुरला नसता.

दुपारी बैल सोडले. पंगत बसली. मग प्रत्येकानं कमरेची गाठोडी सोडली आणि आपापली भाकरी बाहेर काढली. इर्जिकीला घरची भाकर बांधून आलेलं वाडीत कधी कुणी पाहिलं नव्हतं. सगळे रखमाजीकडे पाठ करून, खाली मान घालून खात होते, जणू चूक त्यांचीच होती. एका अर्थी होतीच.

इर्जिकीचा धनी पंगतीत बसत नाही, वाढतो. रखमाजीकडे वाढायला काही नव्हतं. तो बराच वेळ बांधावर उभा राहिला. मग खाली आला आणि कोंडाजी आबांच्या शेजारी मांडी घालून बसला. आबांनी न बघता अर्धी भाकर मोडून त्याच्या डाव्या हातावर ठेवली. त्यानं ती खाल्ली.

झुंबरबाई कळशी घेऊन पाणी पाजत आली. एकेक जण ओंजळ धरी, ती धार सोडी. आबांचं झालं. ती रखमाजीपाशी आली आणि थबकली. त्याचा प्यायचा तांब्या घरात राहिला होता.

रखमाजीनं डावा हात पुढे केला. उजवा कोटाच्या बाहीत होता. कोट चिखलानं माखला होता.

"आबा," तो म्हणाला, "तुमचा हात द्या जरा."

आबांनी धोतराला हात पुसला आणि त्याच्या हाताला लावून धरला. झुंबरबाईनं कळशी वाकवली. सगळी वाडी बघत होती, आणि रखमाजी खाली वाकून पोटभर पाणी प्यायला.