अळंबीची जागा

“सांगून कुनाला पटायचं न्हाय, पन एका अळंबीखाली मी नि मास्तर आख्खा पाऊस बसून काढलाय!”

धर्माजीने आगरदांड्याच्या धक्क्यावर पाटी टेकवली आणि वरचं केळीचं पान नीट ओढून घेतलं. अडतीस सालचा श्रावण. दिघीची होडी अजून पलीकडेच होती. माणसं त्याच्याभोवती सरकली; पाटीतली अळंबी कुठल्या रानातली, ते सगळ्यांनाच हवं होतं. आणि नेमकं तेच धर्माजीला सांगायचं नव्हतं. जागा त्याच्या बायकोची, गोदूची. मरताना, पुरलेला दागिना दाखवावा तशी तिने ती त्याला सांगितली होती. वर बजावलं होतं, “हातानं उपटा. कुदळी आल्या की संपलं, फुडं काय उगवायचं न्हाय.”

“कोन मास्तर?” दयारामने विचारलं.

“दिनानाथ मास्तर. मुंबैच्या कालेजातला. पंचवीस साली आलावता, अळंब्यांच्या जाती वळखून येगळ्या लावायला.”

एवढं मात्र खरं होतं. मास्तर चिखलात पालथा पडून अळंबीच्या पोटाखालचे पापुद्रे न्याहाळायचा. लाकडावरची इकडे, पाल्यातली तिकडे, शेणावरची त्या कोपऱ्यात, अशी सारी ओसरी भरून टाकायचा. गोदू कमरेवर हात ठेवून म्हणायची, “मास्तर, खायची कंची ती सांगा, बाकीचा कचरा न्या मुंबैला!” मास्तर पोट धरून हसायचा. ओसरीला ओल्या पाल्याचा वास यायचा. गोदू गेली तसा तो वासही गेला.

“पन येवढी मोठी अळंबी?”

“नांदगावच्या वरल्या दरीत, ऐनाच्या सडक्या खोडावर! मास्तरनं खाली पांढरा कोट पसरला, तर तिची भुकटी झडून कोटावर तपकिरी चाक उमटलं. बैलगाडीचं चाक, आऱ्यांसकट! कोट कालेजात काचेत टांगलाय. ही पाटीतली त्याच खोडावरची. जा की खुशाल नांदगावला.”

दयाराम शेजाऱ्याला नांदगावची वाट विचारू लागला. धर्माजीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात गोदूची मावसबहीण सोनूबाई गर्दीतून पुढे आली. तिने पान बाजूला केलं, एक अळंबी उचलली. खाली वीतभर मूळ, टोकाला भुरी माती. सोनूबाईचे डोळे भरले, पण आवाज धक्काभर घुमला.

“लबाड! गोदूबी मला हीच नांदगावच्या खोडाची थाप मारायची. भावजी, लाकडावरल्या अळंबीला वारुळाची माती लागते व्हय?”