पुरीला न गेलेला शंख

मित्रांनो, देवघरात राहणाऱ्याने मनात मत्सर ठेवू नये, हे मला कळतं. रोज धूप, रोज तुळस, रोज गंगेच्या पाण्याचं स्नान, आणि एवढं सगळं मिळूनही ज्याचं पोट जळतं, त्याला काय म्हणावं? मी एक जुना शंख आहे. चंदननगरच्या एका घरात पितळी तिवईवर बसलेला असतो. माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

माझा जन्म दक्षिणेच्या समुद्रात झाला. पाणबुड्यांनी मला वर काढलं, पोत्यात भरलं, आणि आगगाडीने मी बंगालात एका कारागिराच्या दुकानी आलो. माझ्या पोत्यातले बहुतेक भाऊबंद करवतीखाली गेले. इथल्या सवाष्णी शंखाच्या पांढऱ्या बांगड्या घालतात, त्या आमच्यातूनच निघतात. मला मात्र कारागिराने कानाशी धरलं, बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "हा बोलेल." शेंड्याचं टोक कापून, कड घासून त्याने मला वाजता केलं. करवतीतून सुटलो म्हणून त्या दिवशी मी केवढा खूश होतो! बांगड्यांचं नशीब माझ्याहून थोर होतं, हे मला फार पुढे कळलं.

मला या घरात आणलं ते परिमलच्या आईने. अठ्ठावीस वर्षं दर संध्याकाळी त्यांनी मला तीनदा वाजवलं. मग परिमलचं लग्न झालं आणि नव्या सुनेच्या, तनिमाच्या, ओंजळीत त्यांनी मला ठेवलं. पहिला महिनाभर ती नुसती फुंकायची आणि मी नुसता फुसफुसायचो. एके दिवशी अचानक तिचा श्वास आणि माझं पोट यांचं जमलं. तो सूर ऐकून शेजारच्या घरातल्या बायकांनीसुद्धा हात जोडले होते. त्या दिवसापासून मी तिचा झालो. ती माझी झाली, असंही मी मनाशी धरून बसलो. खोट तिथेच होती.

तनिमाची मोठी मुलगी तितिर सातव्या महिन्यातच जन्मली. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. श्वास घेता घेता थांबायची ती. तेव्हा तनिमा देवासमोर बोलली, "हिचा श्वास टिकू दे. माझ्या घरात एकही संध्याकाळ शंखावाचून जाणार नाही. घरातल्याच कोणाच्या तरी श्वासाने शंख वाजेल." तितिर वाचली. आता ती तेरा वर्षांची आहे, आणि तिच्या पाठचा बुबाई आठ वर्षांचा.

तनिमाने तो नेम कधी चुकवला नाही. ताप असो, पाहुणे असोत, दिवे लागणीला ती हातपाय धुऊन, धुतलेली साडी नेसून माझ्यासमोर उभी. इथे संध्याकाळचा शंख बायकाच वाजवतात; सासूबाई वारल्यावर तनिमा कधी माहेरी गेली की घरातच राहणारी परिमलची विधवा आत्या मला वाजवी. तिला घरात लहानथोर सगळे पिशीच म्हणतात. पण दोन वर्षांपूर्वी पिशीचे पुढचे दात पडले. फुंकर घातली की वारा हिरड्यांतूनच निसटून जाई. तेव्हापासून तनिमाने एका रात्रीसाठीही घर सोडलं नाही.

खरं सांगू, मित्रांनो? मला ते फार आवडलं. आता ती फक्त माझी, असं वाटलं. तरी सुखाने बसवेना. माझ्याच जातीच्या त्या बांगड्या तिच्या मनगटावर दिवसरात्र असत. बाजारात तिच्याबरोबर, स्वयंपाकात तिच्याबरोबर, झोपेतही तिच्या उशाशी. माझ्या वाट्याला तीन फुंका, त्यांच्या वाट्याला अख्खी तनिमा! त्या किणकिणल्या की मला वाटे, मुद्दाम मला चिडवायलाच किणकिणल्या.

आणि यंदाच्या दुर्गापूजेच्या सुट्टीत ते घडलं.

दुर्गामूर्तींचं विसर्जन झालं. मग रिवाजाप्रमाणे नातलग एकमेकांच्या पाया पडायला, गळाभेटीला येऊ लागले. घरात नारळाच्या लाडवांचा, वाटाण्याच्या उसळीचा वास दरवळत होता. परिमलची चुलत बहीण बुलूदी ताटली घेऊन बसली होती. तेवढ्यात परिमल म्हणाला, "कोजागरीचं लक्ष्मीपूजन झालं की आम्ही दोघं पुरीला जाऊन येणार आहोत."

बुलूदीचा लाडू हातातच राहिला. "दोघंच? आणि पोरं?"

"पोरं राहतील पिशीजवळ."

"का रे, पोरं सावत्र आहेत का तुझी?"

परिमल शाळेत भूगोल शिकवतो. तो शांतपणे म्हणाला, "वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना भरती-ओहोटी शिकवतोय. बायकोला एकदा दाखवावी म्हणतो."

"नवं लग्न झाल्यासारखं बोलतोयस! आरशात बघ जरा, डोकं पांढरं झालंय."

"म्हणून तर घाई आहे, दीदी."

सगळे हसले. तनिमा मात्र लाजून आत पळाली आणि दाराआडून हळूच म्हणाली, "अहो, पण शंखाचं काय?"

"मी वाजवीन," तितिर म्हणाली.

मग रोज दुपारी तितिरचा सराव सुरू झाला. तनिमा माझ्याखाली आपला तळहात धरी आणि लेकीला सांगे, "गाल फुगवू नको गं. ओठ आवळ, आणि पोटातून सोड." पाचव्या दिवशी मी वाजलो. तितिरला वाटलं, आपल्याला जमलं. मी वाजलो होतो तो खालच्या त्या ओळखीच्या तळहातासाठी.

निघण्याच्या संध्याकाळी तनिमाने मला तीनदा वाजवलं, धुतलं, पुसलं. बॅग दाराशी होती. मला मनातून वाटत होतं, ऐनवेळी ती मला पदरात गुंडाळून बरोबर घेईल. समुद्र माझा ना! माझं गाव ते. तिने मला कपाळाला लावलं आणि पुटपुटली, "चार संध्याकाळी. माझ्या पोरीला सांभाळून घे." मग मला तिवईवर ठेवून ती निघून गेली. जिन्यात बांगड्या किणकिणत गेल्या. माझ्या समुद्रात न्हायला त्या निघाल्या होत्या, आणि मी इथे पालथा बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दिवे लागणीला तितिर आंघोळ करून आली. तिने पणती लावली आणि मला उचललं. आईसारखंच सगळं केलं तिने. शंख आपण होऊन वाजत नाही, हे खरं आहे. पण आत आलेला वारा कुठे वळवायचा, हे शंखाला ठाऊक असतं. मी तो वळवला.

"फुस्स."

"दीदी, हा शंख आहे की पंक्चर?" बुबाई खिदळला.

"गप्प बस रे!"

पुन्हा फुस्स. पुन्हा. पाऊण तास ती फुंकत होती. ओठ सुजले, डोळ्यांत पाणी आलं. पिशीने दोनदा "दे बरं इकडे" म्हणून घेतलं, पण तिच्या तोंडातून शिट्टीसुद्धा निघेना. बाहेर अंधारू लागलं आणि तितिरचा फोन वाजला. तनिमाचा होता.

"तितिर, झालं का गं? मला ऐकायचाय."

तितिरने पिशीकडे पाहिलं. पिशी खाली बघू लागली. मग त्या पोरीने टेबलावरचा बाबांचा जुना फोन उचलला, त्यावर कुठल्याशा आरतीतला शंख शोधून काढला, आणि तो आपल्या फोनजवळ धरून लावला. तीनदा.

केवढा गोड, केवढा गुळगुळीत आवाज तो! कुणाचा होता देव जाणे. माझ्याच देवघरात, माझ्याच वेळेला, परका शंख वाजत होता. पलीकडून तनिमा म्हणाली, "बरं. जेवून घ्या." आणि फोन बंद झाला.

मी सुन्न झालो. पंधरा वर्षं जिच्या श्वासाने वाजलो, तिने मला ओळखलं नाही? माझा सगळा राग आता त्या पोरीवर निघाला. उद्याही वाजणार नाही, मी ठरवलं. परवाही नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तितिर पुन्हा मला घेऊन उभी राहिली. तिचा खालचा ओठ फुटला होता. तिने फुंकायच्या आधीच फोन आला. तितिरने तो पिशीलाही ऐकू यावा म्हणून मोठा केला.

"तितिर, काल कोणाचा शंख होता?"

तितिरने मला छातीशी घट्ट धरलं.

"आपला शंख वाजताना शेवटी जरा घोगरा होतो. कालचा नव्हता झाला. मी रात्रभर विचार करत होते, विचारू की नको."

"मा, मला नाही गं वाजवता आला," आणि तितिर रडायलाच लागली. "मी खूप वाजवला. तुला सांगितलं असतं तर तू परत आली असतीस."

"मग यायलाच हवं ना. तेरा वर्षांत पहिल्यांदा चुकलं. तुझे बाबा तिकिटं बघतायत. आज रात्रीच्याच गाडीने निघतो आम्ही."

मी जिंकलो होतो, मित्रांनो. ती परत येणार होती. माझ्यासाठी समुद्र सोडून येणार होती! मी आतल्या आत फुलून गेलो.

तेवढ्यात पिशीने तितिरच्या हातून फोन ओढून घेतला. पिशी कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

"काय चुकलं गं, तनू? काय चुकलं सांग मला!"

"पिशी, शंख नाही वाजला ना काल..."

"तू नवस कशासाठी बोलली होतीस? शंखासाठी? ह्या पोरीच्या श्वासासाठी बोललीस ना? मग काल ही मेली पाऊण तास ह्या शंखात श्वासच ओतत होती. ओठ बघ तिचे, फुटलेत! काचेच्या पेटीतलं ते पोर एवढं फुंकू शकतं, हे देवाला दिसलं असेल की नाही? आवाज नसेल पोचला. श्वास पोचला."

पलीकडून नुसती समुद्राची गाज ऐकू येत होती.

"आणि खबरदार तिकिटं काढलीस तर," पिशी पुढे म्हणाली. "परिमलला सांग, आत्या दारच उघडणार नाही. रात्र काढा मग दोघं जिन्यात!"

मला कोणी रागावलं नव्हतं. माझं नावही कोणी दोषाने घेतलं नव्हतं. तरी मला माझीच लाज वाटली. मी समजत होतो, नेम माझ्या आवाजाचा आहे. तो कधीच माझा नव्हता. मी नुसती वाट होतो, कुणाचा तरी श्वास देवापर्यंत जायची. आणि ती वाटच मी अडवून बसलो होतो, तीही जिच्या श्वासासाठी हे सारं मांडलं गेलं, तिच्याच समोर. सांभाळून घे, असं मला सांगून गेली होती ती.

तितिरने नाक पुसलं आणि मला उचललं. कोणाची वाट पाहिली नाही. ओठ आवळले, डोळे मिटले. आत आलेला तो श्वास कोवळा होता, थरथरता होता. मी त्याला कुठेही वळू दिलं नाही.

"भोंऽऽ"

बुबाई दचकून उडी मारून मागे सरला. सूर वेडावाकडा, हंबरणाऱ्या वासरासारखा. दुसरा जरा बरा. तिसरा लांबला, लांबला, आणि शेवटी घोगरा झाला.

फोनमधून आधी हुंदका आला, मग हसू. "हा आपला," तनिमा म्हणाली. "हाच आपला."

मागून परिमलची हाक आली, "अगं, चप्पल! लाटेने तुझी चप्पल नेली!"

"नेऊ दे हो! दरवेळी घाटावर सगळ्यांच्या चपला राखत बसायची मीच. आज एक गेली तर जाऊ दे." आणि ती हसत सुटली. असं हसताना मी तिला पंधरा वर्षांत ऐकलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, तेव्हाही मला टोचलं. ते हसू मी तिला दिलेलं नव्हतं. पण आवाज मात्र मी अडवला नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या दोन्ही संध्याकाळी नाही.

ती आली ती उन्हाने रापून, खाज्याच्या मिठाईचा पुडा आणि नवी रबरी चप्पल घेऊन. संध्याकाळ होईपर्यंत मला धीर निघेना. तिने हातपाय धुतले, धुतलेली साडी नेसली, पणती लावली. मला उचललं. तिचे ओठ आता लागतील म्हणून मी तयार झालो.

तिने मला तितिरच्या हातात दिलं.

"तू वाजव. मला एकदा बाजूला उभं राहून ऐकू दे."

ती हात जोडून उभी राहिली. वाजवणाऱ्याला शंख कधी पुरता ऐकूच येत नाही, हे मला तेव्हा उमगलं. तिन्ही सूर होईपर्यंत ती डोळे मिटून होती. त्यानंतर तिने मला परत मागितलं नाही. तितिर घरी नसली की तेवढी ती वाजवते. एरवी तिसरा सूर संपला की परिमल दारात छत्री नाहीतर पिशवी घेऊन खोटीच घाई करतो, आणि दोघं गंगेच्या घाटावर फिरायला जातात. जिन्यात बांगड्या किणकिणतात. मला अजूनही त्यांचा हेवा वाटतो. देवासमोर बसून सांगतो, अजून वाटतो. पण हेवा वाटला म्हणून वाट अडवायची नसते, एवढं शिकलो.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या घरात असं एखादं काम असेल, जे रोज एकच माणूस करतं. देवापुढचा दिवा असेल, आजोबांचं औषध असेल, तुळशीला पाणी असेल. ते माणूस कधी कुठे जात नाही, आणि आपल्याला वाटतं, त्याला जायचंच नसेल. त्याला विचारू नका; ते नाहीच म्हणेल. ते काम शिकून घ्या. पहिल्यांदा फुस्स होईल. हसणारे हसतील. तरी फुंकत राहा.

आणि तुमच्या देवघरात माझा एखादा भाऊबंद असेल, तर वाजवून झाल्यावर त्याला गोड्या पाण्याने धुवा आणि पालथा ठेवा, म्हणजे आत थेंब राहत नाही. जमिनीवर ठेवू नका. कुठे बाहेरगावी जायचं झालं, तर त्याला घरी ठेवून खुशाल जा. तो रुसेल, जळेल, तुमच्या पाठीकडे बघत बसेल. तुम्ही मागे वळू नका. फक्त जाण्याआधी त्याला घरातल्या कोणाच्या तरी हातात देऊन जा.