हरण्याची घुंगरमाळ आणि माझी गळती

मित्रांनो, वाटूरला रखमाजीच्या वावरात लिंबाखाली जो जुना डिझेल ट्रॅक्टर दिसतो ना, तो मीच. रंग उडालाय, पण हँडल मारलं की अजून एका दमात उठतो, बरं का! विलायतेत जन्मलो, जहाजाने मुंबईला आलो, दोन धन्यांकडे राबलो आणि १९५३ साली रखमाजीकडे आलो. त्याची बायको सोनूबाई हिने मला ओवाळलं, सारा गाव बघायला जमला. मला भारी मान वाटला, खोटं कशाला बोलू?

चार वर्षांनी उन्हाळ्यात रखमाजीचा हरण्या बैल म्हातारपणाने गेला. जोडीतला दुसरा त्याने भावाला देऊन टाकला. पोळ्याला गावभर बैल मिरवत होते आणि हा रिकाम्या गोठ्यात बसलेला. मग उठला, हरण्याची घुंगरमाळ आणली आणि मलाच बांधली. नीट जागा सापडेना, म्हणून टाकीतून निघणाऱ्या तांब्याच्या नळीला तिचं टोक गुंडाळलं. "आता तूच माझा बैल," म्हणाला. मला गहिवरून आलं. ती माळ त्याने पुढे सोडलीच नाही.

दोन महिन्यांनी ज्वारीची पेरणी आली. जमिनीतली ओल चार-पाच दिवसांचीच होती, आणि नेमका तेव्हाच मी गळायला लागलो! डिझेल टपटप पडायचं, आणि थोडं चाललो की धापा टाकून बंद. थेंब नळीच्या खालच्या टोकाशी असलेल्या डिझेलच्या गाळणीच्या वाटीखाली पडत, म्हणून रखमाजीने वाटीलाच धरलं. वायसर बदलला, साबण लिंपला, नट आवळ आवळ आवळला. अरे बाबा, दुखतंय कुठे आणि चोळतोस कुठे! पण मला तोंड कुठे होतं?

गावातले सगळे बैल ज्याच्या त्याच्या पेरणीत जुंपलेले. "औंदा पेरा हुकला तं वर्षभर खायाचं काय?" सोनूबाईने विचारलं. रखमाजीने जालन्याच्या मिस्त्रीला निरोप धाडला.

तिसऱ्या दिवशी मच्छिंद्र मिस्त्री आला. पान्याला हात न लावता म्हणाला, "वैनी, मूठभर रांगोळी द्या."

"अगं बाई! पूजा करून राह्यलात का त्याची?"

"द्या तं खरं."

त्याने मला फडक्याने कोरडा पुसला, नळीपासून वाटीपर्यंत रांगोळी भुरभुरली आणि टाकीची तोटी उघडली. तिघेही टक लावून बसले. वाटी पांढरीच राहिली. पण वर, माळेच्या गाठीपाशी, रांगोळीत एक काळा ठिपका उमटला. तो नळीवरून हळूहळू खाली सरकला आणि वाटीवर येऊन टपकला.

"बघा मालक, गळतंय वर अन् टपकतंय खाली. घुंगरं घासून घासून नळीला केसाएवढं भोक पडलंय."

रखमाजीचं तोंड एवढंसं झालं. "म्याच बांधली व्हती."

"मायेनं बांधली, त्यात काय चुकलं न्हाई," सोनूबाई म्हणाली. "भाऊ, तुमी जल्दी दुरुस्त करा."

मच्छिंद्रने तोटी बंद केली, नळी काढून रिकामी केली, लांब नेऊन घासून साफ केली आणि कथलाचा डाग देऊन भोक बुजवलं. पुन्हा बसवल्यावर गाळणीचा स्क्रू सैल करून आत शिरलेली हवा काढली. बुडबुडे थांबले तसा स्क्रू आवळला आणि हँडल मारलं. मी दोनदा खोकलो आणि लागलो की धडधडायला! पुन्हा भुरभुरलेली रांगोळी कोरडीच राहिली. हुश्श! रखमाजी हसता हसता डोळे पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शेवटची ओळ पेरून झाली. माती अजून ओली होती. त्या सालची ज्वारी सोनूबाईने सुपाने पाखडली.

माळ आता गोठ्यातल्या खुंटीला असते. पोळा आला की रखमाजी ती काढतो, माझ्यासमोर हातानेच वाजवतो आणि परत टांगून ठेवतो. मग नळीवरून बोट फिरवून कोरडी आहे ना, ते बघतो. मित्रांनो, तुम्हीही माया करा, खुशाल करा. पण जे बांधलंय ते कुठे घासत तर नाही ना, तेवढं अधूनमधून बघत जा.