तुतीच्या वळणावरची वरात

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा रेडिएटर आहे. इंजिन गुरगुरतं, हॉर्न मिरवतो. पण सल्त गावात लग्नाची एक रीत पाडली ती मी! ती कशी, ते ऐका.

माझ्या नळ्या तांब्याच्या, टाक्या पितळेच्या, सांधे कथिलाने झाळलेले. इंजिनाचं तापलेलं पाणी माझ्यातून उतरताना वाऱ्याने निवतं. माझं झाकण सैल. फारच तापलो की बारीक नळीतून वाफ सोडतो आणि मोकळा होतो. मालक अबू राजी मला हौदातलं पावसाचं गाळलेलं पाणी पाजायचे. त्यामुळे नळ्यांत कधी क्षार साचला नाही. शूनाच्या खोऱ्यातून सल्तचा चढ मी किती वेळा चढलो असेन! अबू राजींच्या लग्नाची वरातही याच गाडीतून आली. त्या वरातीने गावाजवळ, तुतीच्या झाडाच्या वळणावर थांबून नाच केला, आणि तेव्हापासून या घरची प्रत्येक वरात तिथे थांबते.

अबू राजी गेले आणि मी छपरीत धूळ खात पडलो. कोंबड्या माझ्यावर बसत. फार वाईट वाटायचं.

मग नातवाचं, हाझिमचं लग्न ठरलं. शूनाहून नवरी याच गाडीतून आणायची, असं त्याने सासरवाडीला छातीठोक सांगून टाकलं. वाटेत वाफ निघाली तर नाचक्की होईल, म्हणून पठ्ठ्याने आजच्या गाडीचं घट्ट झाकण माझ्या तोंडावर बसवलं. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं, हे खरं. पण तो दाब माझ्या सांध्यांनी कसा सोसावा? पहिल्याच चढावर माझा खालचा सांधा उकलला.

झाळकाम करणाऱ्या हागोपने मला सांधलं आणि तो म्हणाला, "हाझिम, दाब हवा तर नवा ॲल्युमिनियमचा घे. पाइपही नवे टाक. नाहीतर याला सैल झाकणाने चालव आणि वाटेत थांब."

"वरातीत थांबू? सासरे जन्मभर टोमणे मारतील! नवाच बसव, हागोपकाका. हा भंगारात दे."

माझं पाणीच पळालं. तेवढ्यात हाझिमच्या आजी, अबू राजींच्या पत्नी उम्म राजी, काठी आपटत आल्या.

"भंगारात? मग मलाही दे! तुतीपाशी थांबतोच की आपण."

"आजी, ती रीत आहे. मी बिघाडाचं बोलतोय."

आजी गालात हसल्या. "हा नसेल तर मी वरातीत बसायची नाही."

मी वाचलो. माझं सैल झाकणही परत आलं.

लग्नाच्या दिवशी नवरी रुबा आणि आजी मागे बसल्या. चढ ठीक गेला. पण गावाजवळ नाचणारे गाडीपुढे आले. गाडी पावलापावलाने चालली, मला वारा मिळेना. तुतीच्या वळणावर मी फसफसलो. हाझिमचा चेहरा उतरला.

"थांबव गाडी!" आजी खिडकीतून ओरडल्या. "नाचा रे पोरांनो, जोरात!"

ढोल घुमले. वाफेकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. आजी हसून रुबाला म्हणाल्या, "माझ्या वरातीत हा इथेच उकळला होता. तुझे आजेसासरे घाम पुसून ओरडले, नाचा! लोकांना वाटलं, रीतच आहे."

हाझिम गर्रकन वळला. "पण बाबांची वरात तर नव्या गाडीतून आली होती, तरी इथे थांबली!"

"मग? घरची रीत मोडायची?"

हाझिम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मी पुरता निवल्यावर रुबाने मेंदीच्या हातांनी मला सोबत आणलेलं हौदाचं पाणी पाजलं. काय सांगू, जन्माचं सार्थक झालं! उरलेला चढ मी एका दमात चढलो.

मित्रांनो, म्हाताऱ्या यंत्राला स्वच्छ पाणी द्या, झेपेल तेवढाच दाब द्या आणि दम घेऊ द्या. परवा शेजाऱ्यांची वरात नव्या कोऱ्या गाडीतून आली. काही बिघडलेलं नसताना तीही तुतीपाशी थांबली. मी अभिमानाने छाती फुगवली. अर्थात, सांधे सांभाळून!